अंगणातील डायनासोर आणि नगराचा अंकुश

कॅलिफोर्नियातील हिल्सबरो हे धनिकांचे नीटनेटके नगर. तेथील १९७६ साली बांधलेले घुमटाकार ‘फ्लिंटस्टोन घर’ एका माजी वृत्तपत्र-प्रकाशिकेने २०१७ साली विकत घेतले आणि अंगणात धातूचे महाकाय डायनासोर उभे केले. काही तर पंधरा फूट उंच! परवानगीवाचून झालेला हा सारा खटाटोप ‘सार्वजनिक उपद्रव’ ठरवून नगराने २०१९ साली न्यायालय गाठले.

परवानगी आधी घ्यावयास हवी होती, यात शंका नाही. नियम शेजाऱ्याने पाळावेत, आपण नव्हे, ही वृत्ती आपल्याकडेही काय कमी आहे? परंतु परवानगी वेगळी आणि अभिरुची वेगळी. पायऱ्या वा संरक्षक भिंत धोक्याची असेल, तर नगराने ती अवश्य तपासावी. डायनासोर डोळ्यांना खुपतो, एवढ्यावरून त्याला हुसकावण्याचा अधिकार मात्र कोणत्या कायद्याने दिला? उद्या तुळशीवृंदावनही कोणाला खुपेल!

अखेर २०२१ साली तडजोड झाली. नगराने बाईंना १,२५,००० डॉलर मोजले. बाईंनी आपला दावा मागे घेऊन रीतसर परवाने मागितले. डायनासोर जागीच राहिले.