कोरडे पाय, ओले पाय

कला कलेसाठी की जीवनासाठी, हा वाद आपल्या महाविद्यालयात दरवर्षी रंगतो. टाळ्या पडतात, करंडक दिला जातो आणि प्रश्न जिथल्या तिथे राहतो. या वादात मला एका जपानी चित्राची साक्ष काढावीशी वाटते.

एदो, म्हणजे आजचे टोकियो, ते क्योतो हा तोकाइदो नावाचा जुना राजरस्ता. वाटेत ५३ मुक्काम. हिरोशिगे (१७९७–१८५८) या चित्रकाराने दोन्ही टोके धरून ५५ चित्रांची मालिका केली. ती १८३३-३४ च्या सुमारास लाकडी ठशांवरून छापली गेली. त्यातली शिमादा आणि कानाया ही दोन चित्रे ओइ नदीच्या दोन काठांची. रुंद पात्र, वाळूची बेटे, त्यांमधून वाहणारे निळे पाणी आणि मुंग्यांएवढी माणसे. एका सरदाराचा लवाजमा नदी ओलांडतो आहे.

पूल कुठेच दिसत नाही, कारण तो नव्हताच. शोगुनांच्या राजवटीत या नदीवर पूलही नव्हता आणि होडीलाही परवानगी नव्हती. प्रवाशाने काठावरच्या कचेरीत तिकीट घ्यायचे आणि हमालाच्या खांद्यावर बसायचे. ऐपत असेल तर शिडीसारख्या लाकडी चौकटीवर बसायचे. ती चौघे उचलत. दर पाण्याच्या खोलीवर ठरे. मांडीपर्यंतच्या पाण्याला जो दर, त्याच्या जवळजवळ दुप्पट काखेपर्यंतच्या पाण्याला. पाणी त्याहून चढले की नदी बंद, आणि सरदार असो वा यात्रेकरू, सगळे काठावर खोळंबलेले!

आता आमचे सौंदर्यवादी मित्र म्हणतील, हमालांचे काय घेऊन बसलात? ती रचना पाहा, तो निळा रंग पाहा. बांधिलकीवाले मित्र म्हणतील, माणसाच्या खांद्यावर माणूस बसला आहे आणि हा गृहस्थ निसर्ग रंगवतो आहे!

मला दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते. हिरोशिगेने नदी उंचावरून पाहिली आहे. त्या उंचीवरून सरदार आणि हमाल सारखेच लहान दिसतात. भाले, पेटारे, मेणा, सारा डामडौल त्या विस्तीर्ण पात्रात चिमूटभर होऊन जातो. तरीही एक फरक चित्रकाराने पुसलेला नाही: काहींचे पाय कोरडे आहेत आणि काहींचे ओले. यावर तो भाष्य करीत नाही, अश्रू ढाळीत नाही. फक्त ते खोटे करीत नाही. सुंदर चित्रासाठी नदी रिकामी करणे त्याला सहज शक्य होते.

चित्राखालीही असेच खांदे आहेत. सही हिरोशिगेची, पण चेरीच्या लाकडावर त्याची रेषा कोरणारा वेगळा, आणि ठशावरचा रंग पुसत पुसत पाण्याची निळाई गडदाची फिकी करणारा छपाईकार वेगळा. रसग्रहणात आपण यांना किती ओळी देतो?

पुढे मेजी राजवट आली. १८७० च्या सुमारास नदीवर होड्या सुरू झाल्या आणि हमालांची पिढीजात रोजी गेली. त्यांतल्या काहींनी जवळच्या माकिनोहाराच्या माळावर चहाचे मळे उभे केले. म्हणजे जो नियम त्यांना पाण्यात उभा करी, तोच त्यांची चूलही पेटवी. इतके गुंतागुंतीचे सत्य घोषणेत कसे मावणार?

म्हणून माझे मत असे: कलेने जीवनाची बाजू घेऊन भाषण करावे, ही अपेक्षा चुकीची आहे; आणि जीवनाकडे पाठ फिरवली म्हणजे कला शुद्ध होते, ही समजूतही तितकीच चुकीची आहे. कलावंताने सारे पात्र दाखवावे. त्यात कोण भिजतो आहे, हे पाहण्याची जबाबदारी मात्र आपली, पाहणाऱ्यांची आहे. पुढच्या वर्षी करंडकासाठी उभे राहणाऱ्यांनी आधी ही दोन चित्रे पाहावीत, एवढीच विनंती.