पालकांस काय कळवावें?

वार्षिक अंक हातीं पडला म्हणजे पालक प्रथम आपल्या पाल्याचें नांव कोठें छापलें आहे तें पाहतात, आणि तें स्वाभाविकच आहे. पण ज्याचें नांव बक्षिसांच्या यादींत नाहीं, त्याच्या पालकांस शाळेकडून काय कळतें? वर्षांतून दोनदां प्रगतिपुस्तक, सुट्टीची सूचना, फीची आठवण, आणि मुलानें कांहीं आगळीक केली तर बोलावणें. मूल काय शिकलें आणि कोठें अडलें, ही एकच गोष्ट कळत नाहीं. आणि मूल शाळेंत येतें तें तर त्याच गोष्टीसाठीं! निदान प्राथमिक वर्गांपुरती तरी ही रीत बदलली पाहिजे, असें माझें स्पष्ट मत आहे.

प्रगतिपुस्तकांत 'गणित ६२' असें लिहिलें, तर त्यांतून घरच्यांनीं काय समजावें? त्याऐवजीं शिक्षकानें सांगितलें कीं, "याला दोन अंकी बेरीज येते, हातच्याची वजाबाकी मात्र अडते," तर थोरली बहीण त्याच संध्याकाळीं चिंचोके घेऊन त्याच्याजवळ बसेल. आकडा निकाल सांगतो, वाट दाखवीत नाहीं. महाराष्ट्रांत २०१० सालीं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धति आली. तींत श्रेणी आल्या आणि त्यांच्या जोडीला प्रत्येक मुलाविषयीं वर्णनात्मक नोंदी करावयाचें ठरलें. हेतु उत्तम होता. परंतु लवकरच तयार नोंदींच्या याद्या मिळूं लागल्या, आणि 'उपक्रमांत आनंदानें सहभागी होतो' यासारखीं वाक्यें एका मुलाच्या पुस्तकांतून दुसऱ्याच्या पुस्तकांत उतरूं लागलीं. जें वाक्य चाळीस मुलांस सारखेंच लागू पडतें, तें एकाहि मुलाविषयीं कांहीं सांगत नाहीं.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालीं झाला. त्याच्या चोविसाव्या कलमांत शिक्षकाचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची कुवत व त्याची प्रगति त्यांस कळविणें, हें त्यांतलें एक आहे. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांस लागू नाहीं असा निर्णय दिला; २०२५ सालीं त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठानें त्या निर्णयाविषयीं शंका प्रकट केली. कायद्याचा अर्थ न्यायालयें लावोत. मिशनच्या शाळेस हें कर्तव्य शिकविण्यास कायद्याची गरज पडूं नये. शंभरांतलें एक मेंढरूं हरवलें म्हणून बाकीचीं सोडून त्याच्या शोधास निघालेल्या मेंढपाळाचा दाखला आम्ही मुलांस मोठ्या प्रेमानें सांगतों. वर्गाचा निकाल शेंकडा नव्व्याण्णव लागला म्हणून समाधान मानणें त्या दाखल्याशीं जुळत नाहीं.

मुलांची विद्या लोकांस प्रत्यक्ष दाखवावी, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. अहमदनगरच्या मिस फरार यांची मुलींची शाळा जोतीराव फुले यांनीं पाहिली होती. पुढें त्यांनीं व सावित्रीबाईंनीं पुण्यास मुलींच्या शाळा काढल्या आणि १८५३ सालीं त्या मुलींची जाहीर परीक्षा झाली, तेव्हां ती पाहावयास मोठा समुदाय लोटला. मुलींस विद्या येत नाहीं असें म्हणणाऱ्यांस याहून चांगलें उत्तर कोणतें? ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें. वस्तींतलीं मुलें शाळेंत येईनात, तेव्हां त्यांनीं व अनुताई वाघ यांनीं शाळाच वस्तीच्या अंगणांत नेली. 'अंगणवाडी' हा शब्द आपणांस त्यांतूनच मिळाला. अंगणांत भरलेला वर्ग आयांच्या डोळ्यांपुढेंच असतो. तेथें निराळें प्रगतिपुस्तक कशाला?

आजच्या काळांतलें उदाहरणहि आहे. 'प्रथम' या संस्थेच्या प्रेरणेनें २००५ सालीं 'असर' नांवाची पाहणी सुरू झाली. तिचे स्वयंसेवक मुलाच्या घरीं जाऊन अक्षरें, शब्द, लहानसा उतारा आणि एक गोष्ट असलेला कागद त्याच्यापुढें ठेवतात. २०१८ च्या पाहणींत असें आढळलें कीं, ग्रामीण भारतांतील पांचवीच्या सुमारें निम्म्याच मुलांस दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचतां येतो. उरलेल्या निम्म्यांच्या घरीं प्रगतिपुस्तकें गेलींच असतील. त्यांवर कोणाची तरी सही किंवा अंगठा असेलच. तरी पांचवी येईपर्यंत त्यांच्या वाचनाची उणीव भरून निघाली नाहीं, याचा विचार शाळेनें व पालकांनीं मिळून केला पाहिजे.

कित्येक जण म्हणतात, "सभा बोलावली तरी आमचे पालक येत नाहींत." परंतु आपण सभा कोणत्या वेळीं बोलावतों? सकाळीं अकरा वाजतां कोळीण बाजारांत मासळी विकत असते, आणि तिचा नवरा खोल समुद्रांत असतो. आपल्या किनाऱ्यावर जून-जुलैंत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. होड्या ओढून ठेवलेल्या, माणसें घरीं जाळीं विणीत बसलेलीं. शाळा उघडते तीहि जूनच्या मध्यांतच! कोळीवाड्यांतल्या पालकांची पहिली भेट नारळी पौर्णिमेच्या आधीं, संध्याकाळीं, त्यांच्याच ओटीवर कां होऊं नये? शेतकऱ्यास त्या दिवसांत भातलावणीमुळें उसंत नसते. त्याला लावणी उरकल्यावर भेटावें. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबास निघण्यापूर्वीं भेटावें, म्हणजे मूल कोठवर आलें आहे तें आईबापांस ठाऊक राहील. मुंबईस नोकरी करणारा बाप मांडव्यास उतरून शनिवारीं रात्रीं घरीं येतो. त्याच्यासाठीं रविवारचा दुपारचा एक तास पुरे आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, शिक्षकास इतका वेळ कोठला? आठवड्यास पांच मुलांच्या घरच्यांशीं बोललें, तर चाळीसांचा वर्ग आठ आठवड्यांत पुरा होतो. तीन गोष्टी सांगाव्या: आज त्याला काय येतें, पुढें काय यावयाचें आहे, आणि घरीं काय करतां येईल. मग मुलास आईसमोर चार ओळी वाचावयास लावावें. आई निरक्षर असली तरी मूल कोठें अडखळतें तें तिच्या कानास कळतें. मोबाईलवरील व्हॉट्सॲप गट हें काम करूं शकत नाहीं. सर्वांस धाडलेली सूचना कोणा एकाची नसते. आणि एका मुलाची उणीव साऱ्या गटापुढें मांडणें तर निर्दयपणाच होईल.

तिसरी भीति खरी आहे: उणीव कळली कीं बाप मुलाला मारील. पण ही भीति बव्हंशीं शाळांच्या रीतींतूनच उपजली आहे. बोलावणें येतें तें तक्रारीसाठींच, हें ज्याच्या मनांत ठसलें आहे, तो शाळेच्या पायरीवरच रागावलेला असतो. म्हणून पहिली भेट चांगलें सांगण्यासाठीं व्हावी. 'तुमची लेक परवां सबंध गोष्ट न अडखळतां वाचून गेली' हें वाक्य ज्यानें एकदां ऐकलें, तो पुढच्या खेपेस तिच्या चुकाहि शांतपणें ऐकेल.

पालकहो, तुमच्याकडेहि एक मागणें आहे. 'माझा मुलगा कितवा आला?' असें विचारूं नका. 'आतां त्याला काय येतें आणि काय येत नाहीं?' असें विचारा. ह्या प्रश्नाचें नेमकें उत्तर शिक्षकाकडून मिळणें हा तुमचा हक्क आहे. आणि मुलांनो, घरीं गेल्यावर आज काय शिकलां तें कोणी विचारण्याची वाट पाहूं नका, स्वतःच सांगा. तुम्हांहून चांगला निरोप्या शाळेस मिळणार नाहीं.