सोन्याचा भाव कळतो, नाण्याचा नाही

जमिनीत धनाचा हंडा सापडला की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, किती तोळे? दुसरा, कुणाच्या वाट्याला किती? नाणं कोणत्या राजाचं, हा प्रश्न आलाच तर पंचनाम्याच्या वेळी. तोवर बरंचसं सोनं सोनाराच्या मुशीतून जाऊन आलेलं असतं.

मी तालुक्याच्या गावात पत्रकारिता करतो. इतिहासाचा अभ्यासक नाही. पण या विषयावर बोलायलाच हवं, कारण हे नुकसान परत भरून निघत नाही.

राजस्थानात भरतपूरजवळ बयाणा आहे. १९४६ मध्ये तिथल्या एका खेड्यात शिकारीनंतरची रिकामी काडतुसं वेचणाऱ्या पोरांना तांब्याचं भांडं सापडलं. आत गुप्त राजांची सोन्याची नाणी. १८२१ नाणी वाचली. दोनशेहून जास्त नाणी त्याआधीच गावात वाटली जाऊन वितळली होती. वाचलेल्या नाण्यांची यादी केली ती आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या अनंत सदाशिव अळतेकरांनी. ती १९५४ मध्ये प्रसिद्ध झाली.

या नाण्यांनी काय सांगितलं? दुसऱ्या चंद्रगुप्ताचं 'चक्रविक्रम' प्रकारचं नाणं त्या अख्ख्या साठ्यात एकच होतं. शेकड्यांनी नाणी, त्यात एक! ते एक मुशीत पडलं असतं तर तो प्रकार होता हे तेव्हा कुणाला कळलंच नसतं. मग वितळलेल्या दोनशेंत काय काय होतं? ते आता कुणीच सांगू शकणार नाही.

समुद्रगुप्ताचंच बघा. प्रयागच्या स्तंभावर त्याच्या विजयांची लांबलचक यादी आहे, पण अश्वमेधाचा उल्लेख नाही. त्याच्या स्वतःच्या काळातला अश्वमेधाचा पुरावा म्हणजे त्याची सोन्याची नाणी. एका बाजूला यूपापुढे उभा घोडा, दुसऱ्या बाजूला राणी. दुसऱ्या एका नाण्यावर हाच राजा मांडीवर वीणा घेऊन बसलाय. आठेक ग्रॅम सोनं, पण त्यावरचा मजकूर दुसरीकडे मिळत नाही.

आता खेड्यातला माणूस नाणं का वितळवतो? लोभी आहे म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण कायदा काय देतो तेही बघा. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट अजून चालू आहे. १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. नाही कळवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सरकारला ते ठेवून घ्यायचं असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा, बस्स. म्हणजे सोळाशे वर्षांच्या इतिहासाची किंमत २० टक्के! शिवाय चौकशी, पोलीस, कोर्ट यांची धास्ती वेगळीच. सोनार मात्र रोख देतो आणि काही विचारत नाही.

ज्या इंग्रजांनी हा कायदा आपल्याला दिला, त्यांनी स्वतःच्या देशात १९९६ मध्ये नवा कायदा केला. तिथे संग्रहालयाने वस्तू घेतली तर बक्षीस बाजारभावाने ठरतं. आपण मात्र अजून १८७८ मध्येच.

माझं म्हणणं साधं आहे. बक्षीस नाण्याच्या किमतीवर ठरवा, धातूच्या नाही. ते ठरलेल्या मुदतीत द्या. स्वतःहून कळवणाऱ्याला आरोपीसारखं वागवू नका. संग्रहालयात त्या नाण्याखाली त्याचं आणि गावाचं नाव लिहा. गावाला अभिमान वाटला तर पुढचा हंडा आपोआप वाचेल.

तोवर आपल्या हातात एवढंच आहे. पाया किंवा विहीर खणताना असं काही सापडलं तर घासूनपुसून चकचकीत करू नका, वाटून घेऊ नका. जागेचा आणि भांड्याचा फोटो काढा, लेखी कळवा आणि पोच घ्या. पोच घ्यायला विसरू नका.