आज्ञा देणारा कोण?

युक्रेनची राजधानी कीव्ह येथील एक वीज उपकेंद्र १७ डिसेंबर २०१६ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास बंद पडले आणि शहराचा काही भाग सुमारे तासभर अंधारात गेला. या घातपातामागील 'इंडस्ट्रॉयर' या मालवेअरचे विश्लेषण 'ईसेट' या सुरक्षा कंपनीने जून २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. वीजयंत्रणेशी तिच्याच भाषेत बोलणारे चार भाग त्यात होते आणि त्यांतील एक खास 'ओपीसी' सर्व्हरसाठी लिहिलेला होता. सर्व्हरमधील एखादी त्रुटी शोधण्याची त्याला गरजच नव्हती. अधिकृत क्लायंट जसा जोडला जातो, तसाच जोडून घेऊन आज्ञा देण्याची त्याची रचना होती.

बॉयलर, पंप, रोहित्रे अशा निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांकडून तापमान, दाब, प्रवाह यांचे आकडे गोळा करायचे आणि मागेल त्या प्रोग्रॅमला पुरवायचे, हे ओपीसी सर्व्हरचे काम. नियंत्रण कक्षातील पडदा, जुन्या नोंदी साठवणारा संगणक, मुख्यालयातील उत्पादन अहवाल हे सारे त्याचे क्लायंट. यांतील काही केवळ आकडे वाचतात, तर काही ते बदलूही शकतात. आकडा बदलला, की प्रत्यक्षात झडप उघडते किंवा वीजप्रवाह खंडित होतो. खरा धोका आहे तो इथेच.

हे मानक १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'डीकॉम' तंत्रावर उभे राहिले. तेव्हा कारखान्याचे नेटवर्क बहुधा बाहेरच्या जगापासून अलग असे. डीकॉमच्या परवानग्यांची मांडणी किचकट. साहजिकच जोडणी होईना, की 'एव्हरीवन'ला मुभा देऊन मोकळे होण्याची सवय जडली. पुढे नेटवर्क जोडली गेली, सवय मात्र कायम राहिली. २०१४ मध्ये उघडकीस आलेले 'हॅवेक्स' हे मालवेअर नेटवर्कवरील ओपीसी सर्व्हर शोधून त्यांची माहिती जमा करीत होते. अखेर मायक्रोसॉफ्टने जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने डीकॉमचे नियम कडक केले आणि १४ मार्च २०२३ पासून ते टाळण्याची सोयही काढून घेतली. ओळख पटविण्याची नवी पातळी न गाठणाऱ्या जुन्या क्लायंटची जोडणी नाकारली जाऊ लागली.

वस्तुत: तांत्रिक उत्तर त्याआधीच उपलब्ध होते. २००८ मध्ये आलेल्या 'ओपीसी यूए' या मानकात प्रत्येक क्लायंटला स्वत:चे डिजिटल प्रमाणपत्र असते. विश्वासार्ह यादीत ते नसेल, तर सर्व्हर त्याला नाकारू शकतो. संदेशांवर स्वाक्षरी, कूटलेखन आणि कोणाला वाचू द्यायचे, कोणाला बदलू द्यायचे याची विभागणी, हे सारे त्यात आहे. पण सुरक्षा बंद ठेवण्याचा पर्यायही त्यातच आहे! प्रमाणपत्राची मुदत ऐन रात्रपाळीत संपली आणि आकडे थांबले, की 'येईल ते प्रमाणपत्र स्वीकारा' ही मुभा दिली जाते. ती मागे घेण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नसते. संगणक विभाग यंत्रशाळेकडे बोट दाखवतो, यंत्रशाळा पुरवठादाराकडे. कंत्राट संपलेल्या अभियंत्याच्या लॅपटॉपचे प्रमाणपत्र यादीत तसेच राहते.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, तेव्हा राज्य सरकारने सायबर घातपाताचा संशय व्यक्त केला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चुकीकडे बोट दाखवले. अशा वादात कोणत्या प्रोग्रॅमने, कोणाच्या नावाने, केव्हा आज्ञा दिली, याची नोंद निर्णायक ठरते. संगणकीय नोंदी १८० दिवस जपण्याचे आणि घटना सहा तासांत कळविण्याचे निर्देश 'सर्ट-इन'ने एप्रिल २०२२ मध्ये दिले आहेत. पण सर्व क्लायंट एकाच सामायिक खात्यावरून जोडले जात असतील, तर त्या नोंदी काय सांगणार?

प्रत्येक क्लायंटला स्वतंत्र ओळख, आरंभी केवळ वाचण्याचा अधिकार, मुदतींचे वेळापत्रक आणि यादीची नियमित छाननी, यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. लागतो तो एक जबाबदार अधिकारी. ते पद रिकामे ठेवून केवळ भिंती उंच करण्याने कारखाने सुरक्षित होणार नाहीत.