यंत्राचा परकायाप्रवेश

जुन्या घरगुती संगणकात नवा प्रोसेसर बसवण्याच्या छंदाला गेल्या काही वर्षांत चांगलाच बहर आला आहे. (प्रोसेसरला 'प्रक्रियक' म्हणावे असा काही मित्रांचा आग्रह असतो. शब्द चांगला आहे. पण दुकानात जाऊन प्रक्रियक मागितला तर दुकानदार आपल्याकडे पाहतच राहील, म्हणून येथे रूढ शब्दच ठेवला आहे.) १९८०च्या दशकातील स्पेक्ट्रम, कमोडोर, अमिगा, बीबीसी मायक्रो ही यंत्रे माळ्यावरून खाली उतरतात, त्यांची धूळ झटकली जाते, झाकण निघते, मूळ प्रोसेसर बैठकीतून अलगद उपटला जातो आणि त्याच्या जागी ॲडॅप्टरची एक छोटी पाटी खोचली जाते. तिच्यावर आजच्या काळातला एखादा प्रोसेसर असतो. यंत्र सुरू होते आणि ते पूर्वीच्या शेकडो पट वेगाने धावते आहे, असे मालक कौतुकाने सांगतो. धावते आहे ते नेमके कोण, हा आमचा प्रश्न आहे.

शंकराचार्यांनी अमरुक राजाच्या मृत देहात प्रवेश केल्याची आख्यायिका बहुतेकांनी ऐकलेली असेल. देह राजाचा, सिंहासन राजाचे. पण राजा एकाएकी फार शहाणा झाला, म्हणून प्रधानांना संशय आला. अमिगा ५०० या संगणकाचे आज असेच होते. त्याचा मोटोरोला ६८००० हा चौसष्ट पायांचा प्रोसेसर सुमारे सात मेगाहर्ट्झ गतीने चालतो. तो काढून त्या चौसष्ट भोकांत 'पायस्टॉर्म' नावाचा ॲडॅप्टर बसवतात आणि त्यावर रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा संगणक. जुन्या यंत्राची भाषा पाच व्होल्टची, नव्याची सव्वातीन-साडेतीनच्या दरम्यानची; जुन्याची लय संथ, नव्याची भरधाव. मधली पाटी दुभाष्याचे काम करते. रास्पबेरी पाय सॉफ्टवेअरच्या साह्याने ६८०००चे सोंग वठवतो, आणि चित्र व ध्वनी सांभाळणाऱ्या जुन्या चिपांना पत्ताही लागत नाही की शेजारी बसलेला आता तो राहिलेला नाही. त्या मात्र आपल्या मूळ चालीनेच चालतात. त्यांच्या ताब्यातील स्मृतीला हात लावायचा झाला की या नव्या शहाण्याला दाराशी ताटकळावे लागते. रचनेची चतुराई वादातीत आहे. आमची तक्रार तिच्याबद्दल नाही.

तक्रार वेगाच्या कल्पनेबद्दल आहे. आजच्या संगणकात वेग हा निव्वळ सोयीचा भाग असतो. जितका जास्त तितका बरा. त्या काळच्या यंत्रांत वेग हा स्वभाव होता. स्पेक्ट्रमचेच पाहा. १९८२ साली ब्रिटनमध्ये आलेल्या आणि पुढे आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने विकलेल्या या यंत्रात झेड-८० प्रोसेसर साडेतीन मेगाहर्ट्झने चालतो. त्यात वेगळी ध्वनी-चिप नाही. सूर काढायचा तर प्रोसेसरनेच स्पीकरचा पडदा आत-बाहेर ढकलायचा आणि दोन धक्क्यांमधले अंतर मनातल्या मनात आकडे मोजून ठरवायचे. कॅसेटवरून प्रोग्रॅम वाचताना प्रत्येक स्पंदाची लांबीही अशीच मोजून काढायची. घड्याळ नाहीच, प्रोसेसरची स्वतःची चाल हेच घड्याळ. अशा यंत्राला दहापट वेगाचा प्रोसेसर दिला तर गाणे चिरकते, कॅसेट वाचता येत नाही, आणि खेळातला भुंगा दिसेनासा होईपर्यंत तुमचा जीव घेऊन गेलेला असतो. मग वेग पुन्हा कमी करण्याची कळ बसवावी लागते! आधी घोडा घ्यायचा आणि मग तो चालावा म्हणून त्याचे पाय बांधायचे, असा हा प्रकार.

एखादा खेळ कॅसेटवरून चढायला पाचेक मिनिटे लागत, आणि चौथ्या मिनिटाला वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ. मराठवाड्यात राहणाऱ्यांना ही साधना वेगळी शिकवावी लागत नाही. पण त्या पाच मिनिटांत पडद्याच्या कडेला पळणारे रंगीत पट्टे आणि तो कर्कश आवाज यांतूनच मुलांना कळे की माहिती ही एक वस्तू आहे, तिला लांबी आहे, ती एका जागेहून दुसऱ्या जागी जायला वेळ घेते. क्षणार्धात उघडणाऱ्या यंत्राकडून हा पाठ मिळत नाही.

म्हणून जुन्या यंत्राला कुणी हातच लावू नये, असे म्हणणाऱ्यांच्या गटातही आम्ही नाही. आमच्या देवगाव रंगारीहून फार दूर नसलेल्या वेरुळात दोन गोष्टी पाहायला मिळतात. एक कैलास लेणे: एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलेले, त्याचा कोणताही भाग काढून दुसरा बसवण्याची सोयच नाही. दुसरे घृष्णेश्वराचे देऊळ: मालोजीराजे भोसल्यांनी आणि पुढे अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी ज्याचा जीर्णोद्धार केला. आज तेथे जाणारा भाविक अमुक दगड कोणत्या शतकातला हे विचारत नाही, आणि त्याचे काही चुकत नाही. संगणक हे कैलास लेणे नव्हे. त्याचे संधारित्र सुकतात, कळपाटाचे पापुद्रे फाटतात, वीजपुरवठ्याचा भाग जळतो. ते बदललेच पाहिजेत. त्याला जीर्णोद्धार म्हणावे.

जीर्णोद्धार आणि परकायाप्रवेश यांच्यातली रेघ कोठे ओढायची, हे आमच्या गावातल्या बैलगाडीने फार पूर्वी ठरवून टाकले आहे. लाकडी आरे आणि लोखंडी धाव असलेली चाके जाऊन गाडीला हवेचे रबरी टायर आले. सुतार-लोहारांचे एक काम गेले, रस्त्यावरचा खडखडाट गेला, बैलांच्या मानेवरचा भार हलका झाला. तरी ती बैलगाडीच राहिली, कारण जुवाखाली बैल होते आणि वाट बैलांच्या चालीनेच सरत होती. बैल सोडून ट्रॅक्टर जोडला, की तिला कोणी गाडी म्हणत नाही. ती ट्रॉली होते. ट्रॉली वाईट नाही. ऊस न्यायला तीच हवी. पण ट्रॉलीला झूल घालून पोळ्याच्या मिरवणुकीत आणू नये.

बैल न सोडताही सामर्थ्य वाढवता येते, आणि ते कसे हे बीबीसी मायक्रोच्या रचनाकारांनी १९८१ सालीच दाखवून दिले होते. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीच्या या यंत्रात ६५०२ प्रोसेसर, दोन मेगाहर्ट्झ गती आणि बत्तीस किलोबाइट स्मृती. त्यांतली वीस किलोबाइट एकटा पडदाच खाई, असे काही चित्रप्रकार होते. यंत्राच्या तळाशी एक जोड होता. त्याचे नाव ट्यूब. त्या जोडाला दुसरा प्रोसेसर लावता येई: वेगवान ६५०२, झेड-८० किंवा आणखी मोठा. वैशिष्ट्य असे, की मूळ प्रोसेसर बाहेर काढावा लागत नसे. तो कळपाट, पडदा, तबकडी सांभाळी. नवा फक्त गणित करी आणि उत्तर ट्यूबमधून आत पाठवी. एकॉर्नच्या परिभाषेत जुन्याला यजमान म्हणत आणि नव्याला चक्क परजीवी! आंब्यावरच्या बांडगुळाची आठवण व्हावी असे हे नाव; पण हे बांडगूळ झाड वाळवत नव्हते. जोड काढला की यंत्र होते तसे पुन्हा उभे.

या परजीवींच्या पंगतीत एक असा बसला की त्याने पुढे जग व्यापले. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आखलेली एआरएमची पहिली चिप २६ एप्रिल १९८५ रोजी केंब्रिजमध्ये चालली, ती बीबीसी मायक्रोचा दुसरा प्रोसेसर म्हणून. आज बहुतेक मोबाइल फोनांत त्याच कुळातील प्रोसेसर आहे, आणि रास्पबेरी पायमध्येही. आता तोच रास्पबेरी पाय छोट्या ॲडॅप्टरवर बसवून बीबीसी मायक्रोच्या ट्यूबला लावतात. नातू आजोळी यावा तसा तो येतो, आणि आजोबांच्या घरात आजोबांच्या रीतीने वागतो. या जोडणीवर आमचा एकही आक्षेप नाही.

हीच यंत्रे १९८४-८५ मध्ये 'क्लास' या केंद्र सरकारच्या प्रकल्पातून भारतातील सुमारे अडीचशे शाळांत पोहोचली. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने परवाना घेऊन तीच 'युनिकॉर्न' या नावाने येथे तयार केली. एका पिढीतील काही मुलांनी संगणक प्रथम पाहिला तो हा. ज्या साली आमच्या शाळांच्या टेबलांवर ही यंत्रे मांडली जात होती, त्याच साली तिकडे त्याच यंत्राच्या तळाशी एआरएम जन्म घेत होता. आमच्याकडेही तो जोड होता. अभ्यासक्रमात त्याला स्थान नव्हते. असो.

आणि यजमान-पाहुण्याची ही रीत परकी आहे असेही कोणी समजू नये. मराठी भाषा पीसीवर आली तीच मुळी अशा पाहुण्याच्या रूपाने. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे गेलेले जिस्ट तंत्रज्ञान एका कार्डाच्या स्वरूपात पीसीच्या खाचेत बसे. इंग्रजीसाठी लिहिलेले डॉसवरचे प्रोग्रॅम त्यामुळे देवनागरी दाखवू लागत; प्रोग्रॅममध्ये फेरफार करावा लागत नसे. १९९१ साली भारतीय मानक झालेल्या 'इस्की' संकेतप्रणालीतही हाच विवेक दिसतो. पहिली एकशे अठ्ठावीस घरे इंग्रजीची, त्यांना धक्का नाही. आपली अक्षरे वरच्या रिकाम्या माडीवर. पुढे युनिकोडने देवनागरीची मांडणी याच इस्कीवरून घेतली.

त्या पीसींचे पुढे काय झाले? त्यांचाही वेग वाढवला गेला. मदरबोर्ड बदलले, आणि २०००च्या आगेमागे नव्या मदरबोर्डांवरून ती जुनी लांब खाचच नाहीशी झाली. पाहुण्याची खोली पाडली गेली. कार्डे कपाटांत पडली आणि त्यांच्यावर विसंबून लिहिलेला मजकूर फ्लॉप्यांत. वेगवान यंत्र आले त्याच दिवशी जुने मराठी दस्तऐवज त्या यंत्राला मुके झाले. छंदिष्टांच्या टेबलावरच्या प्रश्नाला आम्ही इतके महत्त्व का देतो, याचे कारण हे आहे.

डीबी स्पेक्ट्रम असो वा युनिकॉर्न, अशा यंत्रांना भंगाराच्या गाडीने आधीच वेचले आहे. उरलेल्यांत स्पेक्ट्रमचा प्रोसेसर बहुधा बैठकीत नसतो, थेट डाखलेला असतो. तो काढताना पाटीवरच्या तांब्याच्या बारीक पट्ट्या उखडतात आणि त्या पूर्ववत होत नाहीत. परदेशात स्पेक्ट्रम मुबलक आहेत. तिकडचा मनुष्य एक बिघडवू शकतो. येथे बनलेल्या यंत्राच्या बाबतीत तेवढी श्रीमंती आपल्यापाशी नाही. डाखकाम काढावे लागत असेल तर नवा प्रोसेसर नको. मागच्या जोडाला जे लावता येईल ते खुशाल लावावे. बैठकीतून चिप काढलीच, तर ती काळ्या फोममध्ये खोचून, डबीवर यंत्राचा क्रमांक आणि तारीख लिहून त्याच कपाटात ठेवावी. शंकराचार्य परतले ते शिष्यांनी गुहेत त्यांचा देह राखला होता म्हणून.

आणि कोणाच्या कचेरीत, छापखान्यात किंवा माळ्यावर जिस्ट कार्ड असलेला जुना पीसी अजून पडला असेल, तर त्याचा वेग वाढवण्याच्या किंवा तो भंगारात देण्याच्या आधी एकदा सुरू करून पाहावा, आणि त्यातल्या मराठी फायली युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्यात. प्रोसेसर आहे तोच राहू द्यावा. या कामाला तो पुरेसा आहे.