ताल रक्तात नसतो, कानात घडतो

हलगी कडाडली की दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतो, काय हा गोंगाट! दुसरा पाठीवर थाप मारतो, "तुमच्या लोकांच्या रक्तातच ताल आहे!" पहिल्यावर आपण चिडतो, दुसऱ्यावर खूश होतो. आम्हाला दुसरा जास्त घातक वाटतो. कौतुकाच्या नावाखाली तो जन्मावरून गुण ठरवणारी तीच जुनी वर्णव्यवस्था सांगत असतो. ताल कोणाच्या रक्तात आहे हे सांगणारा बुद्धी कोणाच्या रक्तात आहे हेही सांगतोच.

विज्ञान काय म्हणतं? एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी २००५ साली प्रयोग प्रसिद्ध केले. बाल्कन लोकसंगीतात सात मात्रांचे, असमान खंडांचे ताल असतात. तसा ताल मध्येच मोडला तर उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या माणसांना ते कळेना. त्यांच्या सवयीच्या सरळ तालात मात्र चटकन कळे. बल्गेरिया-मॅसेडोनियाच्या माणसांना दोन्हीकडे कळत होतं. आणि उत्तर अमेरिकेतल्याच सहा महिन्यांच्या बाळांनाही दोन्हीकडे कळत होतं! वर्षाची होईपर्यंत ती मोठ्यांसारखी झाली. पण घरी दोन आठवडे ते संगीत लावल्यावर त्यांचे कान पुन्हा उघडले. मोठ्यांना तेवढ्याने फारसा फरक पडला नाही. (रूपक ऐकत वाढलेल्याला वाटेल, सात मात्रांत अवघड ते काय? तेच तर आम्ही सांगतोय.)

मग रक्त कुठे आलं?

गोंगाट म्हणणाऱ्यांचंही पाहू. शहरातल्या बंगल्यात वाढलेल्याला हलगी कळत नसेल, तर त्याचा कान श्रेष्ठ नाही, अपुरा आहे. पण गावच्या पाटलाला ती चांगली कळते. वरातीत तोच पुढे नाचतो. त्याचा नकार तालाला नसतो, वाजवणाऱ्या हाताला असतो. कातड्याचा विटाळ म्हणावा, तर तबल्यावर काय रेशीम ताणलेलं असतं? टी. एम. कृष्णा यांनी २०२० मध्ये मृदंग घडवणाऱ्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं. मैफलीतल्या त्या पवित्र वाद्याला कातडं चढवणारे बरेच हात दलित ख्रिश्चनांचे आहेत.

१९५६ नंतर आपल्या कित्येक आजोबांनी गावकीचं वाजवणं सोडलं. योग्यच केलं. ती वेठ होती. पण त्यांनी वेठ टाकली, ताल नाही टाकला. जलशांनी आणि भीमगीतांनी ढोलकीच्याच ठेक्यावर बाबासाहेब वस्तीवस्तीत पोचवले. आज कॉलेजात गेलेल्या आपल्याच पोरांना हलगीची लाज वाटते, तेव्हा त्यांचा कान कोणी घडवला हे विचारायला हवं. १५ देशांतल्या ३९ गटांचा ताल-अभ्यास २०२४ मध्ये आला. ठिकाणागणिक लोकांचा कल वेगळा निघाला, तो तिथल्या संगीताप्रमाणे. पण पाश्चात्त्य नसलेल्या देशांतलेही विद्यापीठीय विद्यार्थी बरेचसे पाश्चात्त्यांसारखेच निघाले.

म्हणून आमची मागणी साधी आहे. विद्यापीठांच्या संगीत विभागांत तबल्याच्या शेजारी हलगी शिकवा. शिकवायला मातंग कलावंतांना पूर्ण पगारावर घ्या, एका दिवसाच्या लोककला महोत्सवापुरतं फेटा बांधून नको. आमच्या पोरांना 'तुला तर येतच असेल' म्हणू नका. त्यांनाही शिकावंच लागेल. आणि जोशी-कुलकर्ण्यांची मुलंही त्या वर्गात पहिल्या रांगेत बसू द्या. दोन आठवड्यांत नाही जमलं तर वर्षभर बसू द्या.