इनहेलरसोबत भजनही

चुलीच्या किंवा बिडीच्या धुराने सीओपीडी झालेला माणूस दम लागतो म्हणून घरात बसतो आणि बसून दम आणखी वाढतो. अशांना मी इनहेलरसोबत भजनी मंडळात जायला सांगतो. काहींना हसू येतं. पण संत नामदेवांच्या नर्सीचा हा हिंगोली जिल्हा. मंडळ शोधायला लांब कशाला जायचं? या आजारात अडतं ते श्वास सोडताना, आणि अभंगाची ओळ पुरी करायची तर श्वास हळूहळूच सोडावा लागतो. ब्रिटनमध्ये अशा रुग्णांसाठी गायनवर्ग चालतात. अमेरिकेतल्या बार्बरशॉप गायनात वाद्यांविना चार वेगळे सूर जुळवावे लागतात. आपल्याकडे सगळे एकाच सुरात, नवख्याला सोपं. दम लागला तर नुसते टाळ वाजवा, शेजारचा ओळ सांभाळतो. इनहेलर मात्र सोडू नका.